मारुती नसलेलं मारुतीचं तळं

खोडदच्या कुंडलिक घंगाळ्यांना प्रश्न विचारायची खोड लहानपणापासूनची. गावाच्या शिवारात मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेना उभ्या राहिल्या तेव्हा ते तिशीच्या आसपास होते. आयटीआयमधून फिटर झालेले, त्यामुळे त्यांना तिथे काम मिळालं आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्या अवाढव्य तबकड्या फिरवणाऱ्या गिअरबॉक्सचं तेलपाणी सांभाळलं. शास्त्रज्ञ मंडळी चहाला बसली की हे हात पुसत जवळ जायचे आणि विचारायचे, "सायेब, आज कुनाचं ऐकलं?" मग कुणी तरी सांगायचं, की अमुक एक तारा, आता तो आहे की नाही हेही ठाऊक नाही, पण त्याच्याकडून निघालेलं आज इथे पोचलं. कुंडलिकआप्पा मान डोलवायचे आणि घरी येऊन बायकोला सांगायचे. रत्नाबाई म्हणायच्या, "तारा ऱ्हाऊ द्या, आधी मोटारीचा फ्यूज बघा."

निवृत्तीनंतर मात्र त्यांच्या प्रश्नांना गिऱ्हाईक उरलं नाही. दीड एकरात टोमॅटो, थोडा कांदा. मुलगी एकच, आरती. पुण्याला नर्सिंग करून ती परीक्षा देत देत आयर्लंडला गेली. पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर नावाचा भाग आहे, तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या नर्सिंग होममध्ये तिला नोकरी लागली. पहिल्या वर्षी रोज फोन यायचा. पुढे रविवारचा रविवारी यायला लागला, आणि त्यातही ठरलेलंच: जेवलात का, गोळ्या घेता का, तिकडं पाऊस हाय का. तिकडे पाऊस कायमच असायचा, म्हणून तो प्रश्नही पुढे गळला.

अशाच एका रविवारी आरतीचा फोन आला आणि तिने जेवणाचं विचारलंच नाही.

"आप्पा, आपल्या जुन्नरला एक आयरिश माणूस येऊन राहिला होता. लई वर्षांपूर्वी. तुम्ही काही ऐकलंय का?"

झालं होतं असं, की तिच्या वॉर्डात नोरा हॅलिनन नावाच्या एक आजी होत्या. नव्वदी ओलांडलेल्या, लग्न न केलेल्या, आयुष्यभर प्राथमिक शाळेत शिकवलेल्या. आरतीने त्यांना बोलता बोलता आपण पुणे जिल्ह्यातल्या असं सांगितलं, तर आजी उठून बसल्या आणि म्हणाल्या, "मग तुला जूनर माहीत असेल." आरतीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आजींनी पुन्हा म्हटलं, "जूनर. माझ्या आजोबांचा मोठा भाऊ तिथे गेला."

त्या भावाचं नाव मार्टिन. घरात खाणारी तोंडं फार आणि जमीन वीतभर, म्हणून तो अठराव्या वर्षीच पलटणीत भरती झाला आणि हिंदुस्थानात आला. पलटणीतून सुटल्यावर त्याला सरकारी बांधकामावर देखरेखीचं काम मिळालं. काही वर्षं त्याची पत्रं येत होती, पाकिटावर जुन्नरच्या टपालाचा शिक्का. मग, तो सव्वीस-सत्तावीसचा असताना, पत्रं थांबली. ती पत्रंही पुढे घराचं छप्पर गळून कुजून गेली. मागे उरलं ते एवढंच, की मार्टिनची आई मरेपर्यंत 'जूनर, जूनर' म्हणत होती. पोरं तिची नक्कल करायची. नक्कल करता करता ते नाव तिसऱ्या पिढीपर्यंत पोचलं.

"त्यांचं म्हणणं एवढंच आहे आप्पा," आरती म्हणाली, "की मार्टिनचं शेवटी काय झालं ते कळावं. त्यांच्यामागे त्या घरात कुणीच नाही. त्यांच्यानंतर हा प्रश्न विचारणारंही कुणी राहणार नाही."

शेवटचं वाक्य आप्पांना लागलं. उत्तर मिळालं नाही तर एक वेळ चालतं, पण प्रश्नच संपून जावा हे त्यांना पटेना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोटारसायकल काढली. जुन्नरला चर्चमध्ये चौकशी केली, पोस्टात विचारलं, नगरपालिकेत विचारलं. पोस्टातला माणूस म्हणाला, "काका, मागच्या महिन्याचं रजिस्टर असेल तर सांगतो." कुणी लेण्याद्रीकडे बोट दाखवलं, कारण लेणी बघायला गोरे येतात. कुणी म्हणालं, किल्ल्याच्या अंगाला माळावर दोन-तीन जुन्या कबरी आहेत, गोऱ्यांच्याच असतील. आप्पा तिकडे गेले. घाणेरीची झुडपं माजलेली. त्यांनी काठीने वाट केली, आणि एका आडव्या पडलेल्या फुटक्या दगडावरची माती हाताने झाडली. इंग्रजी अक्षरं दिसली. एक मोठं एम, मग काही बुजलेली अक्षरं, त्यापुढे एच, ए, एल. पुढचं शेवाळाने आणि मातीने धरलं होतं.

आप्पांच्या अंगावर काटा आला. एम म्हणजे मार्टिन, आणि हॅल म्हणजे हॅलिनन. याहून काय पाहिजे? त्यांनी तिथूनच फोटो काढून आरतीला पाठवला आणि खाली लिहिलं, 'सापडला.'

तिकडे नोराआजींनी फोटो छातीशी धरला. त्यांच्या पाद्र्याला बोलावणं गेलं. मार्टिनच्या नावाने चर्चमध्ये प्रार्थना झाली, नर्सिंग होममधली चालती-फिरती माणसं झाडून गेली. आरतीने त्याचा व्हिडिओ पाठवला. रत्नाबाईंनीही तो दोनदा बघितला आणि म्हणाल्या, "मेलेल्याचं इतक्या वर्षांनी पन कुनी करतंय, बरं वाटलं बाई."

आप्पांना मात्र चैन नव्हतं. माणूस सापडला, पण तो मेला कधी, कशाने? ते दगडावर असणार. मंचरच्या कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या इंद्रायणी वाळुंज यांचं नाव त्यांनी ऐकलं होतं, जुनी कागदपत्रं, जुने शिलालेख यातल्या त्या जाणकार. आप्पांनी त्यांना गाठलं. बाई उत्साही. एका सकाळी त्या मऊ ब्रश, पाण्याची बाटली आणि आरसा घेऊन आल्या. त्यांनी दगड हळूहळू धुतला, आणि आरशाने ऊन तिरपं पाडलं. अक्षरं उठून आली.

बाई वाचता वाचता थांबल्या.

"काका, हे मार्टिन नाही. मेरी हॅलिडे आहे. वय वर्षं दोन."

त्या फुटक्या दगडाखाली दोन वर्षांची पोर होती. कुणाची, कुठून आली, कशाने गेली, काही नाही.

घरी येईपर्यंत त्यांना एकच खटकत होतं: तिकडे आजींनी प्रार्थना केली ती मार्टिनची समजून. त्यांनी घरात ते सांगितलं. रत्नाबाई म्हणाल्या, "सांगू नका. म्हातारीचं समाधान झालंय. कशाला मोडायचं?"

"अगं, पन ते खरं न्हाई."

"तिला काय कळनार हाय?"

"मला कळलंय ना."

त्यांनी आरतीला फोन लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. "माझी घाई नडली. आजींना माझ्याकडून सांग, चुकलं. पुरतं वाचायच्या आदीच मी नाव दिलं." आरतीने आजींना सांगायला दोन दिवस घेतले. मग फोन आला तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता.

"आप्पा, आजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, त्या मुलीसाठी कधी कुणी प्रार्थना केली नसेल. तिची झाली. बरं झालं. आणि म्हणाल्या, तुझ्या वडलांना सांग, अजून शोधा."

आप्पा पुन्हा माळावर गेले आणि मेरीच्या दगडाभोवतीची घाणेरी मुळासकट उपटली. मग नव्याने सुरुवात केली.

आता फोन रविवारची वाट बघत नसत. आरती ड्यूटी संपवून बसमधून घरी जाताना बोलायची, इकडे आप्पांची टोमॅटोची तोडणी उरकलेली असायची. तिने तिकडून कॉम्प्युटरवर शोध चालवला. आयर्लंडमधल्या चर्चांची जुनी बाप्तिस्म्याची पुस्तकं आता घरबसल्या बघता येतात. पाद्र्याच्या तिरक्या लॅटिन अक्षरात तिला मार्टिनचा बाप्तिस्मा सापडला, साल अठराशे पन्नास. आईचं नाव होनोरा. त्याच होनोरावरून पुढे आजींचं नाव नोरा पडलं होतं, हे आजींनाही ठाऊक नव्हतं. त्याआधीच्या पानांकडे आरतीचं लक्ष गेलं. दोन-तीन वर्षं त्या पुस्तकात बाप्तिस्मे एकदम कमी झालेले होते.

"असं का?" आप्पांनी विचारलं.

"तेव्हा इथे मोठा दुष्काळ पडला होता. बटाट्याचं पीक सडलं. लाखो माणसं मेली, उरलेली जहाजात बसून गेली. मार्टिनच्या आधी होनोराला दोन मुलं झाली होती. पुढे त्यांचं नाव कुठेच येत नाही."

आप्पांनी त्या रात्री जेवताना रत्नाबाईंना हे सांगितलं. त्यांनी आप्पांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी टाकली.

इकडे इंद्रायणीबाईंनी एक साधी गोष्ट दाखवून दिली. "काका, आपण जुन्नरमध्येच शोधतोय, कारण शिक्का जुन्नरचा. पण पत्र टाकायला माणूस पोस्टात येतो, राहायला दुसरीकडेच असतो. आणि सालं बघा. पत्रं थांबली ती अठराशे शहात्तर-सत्त्याहत्तरच्या सुमाराला. तेव्हा आपल्याकडे दुष्काळ होता. सरकारने दुष्काळी कामं काढली होती, रस्ते, तळी. देखरेखीला पलटणीतून सुटलेले गोरे असायचे."

बाईंना त्यांच्या स्वतःच्या अभ्यासासाठी पुण्याला जुन्या सरकारी दप्तरात जायचंच होतं. आप्पा बरोबर गेले. बाई वाचायच्या, आप्पा शेजारी हात मांडीवर ठेवून बसायचे. दोन वेळा काहीच लागलं नाही. तिसऱ्या खेपेला दुष्काळी कामांच्या एका गठ्ठ्यात हॅलिनन हे नाव आलं. एका तळ्याच्या कामावरचा ओव्हरसियर. त्याच्यावर वरिष्ठांनी ठपका ठेवला होता: नेमून दिलेलं खोदकाम पुरं न करणाऱ्या बायका आणि अशक्त माणसांनाही हा पुरी मजुरी देतो, आणि काम सुरू व्हायच्या आधी शिजवलेलं धान्य वाटतो. त्याला कामावरून दूर करावं. एवढंच. पुढच्या कागदात त्या जागी दुसऱ्याचं नाव.

"काढलं म्हनजे?" आप्पा म्हणाले. "खायला दिलं म्हनून काढलं?"

"नियमात बसत नव्हतं," बाई म्हणाल्या.

तळं कुठलं, ते इंग्रजाने आपल्या कानाने लिहिलेलं होतं. कोंदूरवारी. असं गाव नकाशात नाही. कोंढरवाडी, कोंडारवाडी, कुंदूरवाडी, काहीही असू शकतं. दोघांनी मिळून आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांतली जवळ जाणारी तीन नावं काढली, आणि आप्पांनी एकेक करून मोटारसायकल तिकडे वळवली. पहिल्या वाडीत तळंच नव्हतं. दुसरीत तळं होतं, पण ते रोजगार हमीचं, आणि खोदणारी माणसं काठावर गप्पा मारत बसलेली.

तिसरी कोंढरवाडी घोडेगावच्याही पुढे, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. भात आणि नाचणी करणारी पंचवीस-तीस घरं. रस्ता संपला तिथे आप्पांनी गाडी लावली आणि चढून गेले. वर एका खोलगट जागेत दगडी बांधाचं तळं होतं. फार मोठं नाही, पण मार्चमध्येही त्यात पाणी होतं. गुरं पीत होती. बांधाचे दगड एकात एक असे बसवलेले, की आप्पांमधला फिटर तिथेच उकिडवा बसून सांधे बघत राहिला.

तिथे गुरांमागे असलेल्या माणसाला त्यांनी विचारलं, "भाऊ, या तळ्याला काय म्हनता?"

"मारुतीचं तळं."

"मारुती कुठाय?"

"मारुती?" तो माणूस इकडेतिकडे बघू लागला. "मारुती हितं न्हाई. खाली वाडीत बी न्हाई. आमचा देव वरसूबाई."

"मग मारुतीचं कसं काय?"

"पहिल्यापास्नं म्हंत्यात."

मारुती नाही असं गाव सापडायचं नाही, आणि इथे तळं मारुतीचं, पण मारुतीच नाही. आप्पांनी मनातल्या मनात ते नाव दोन-तीनदा हळू म्हटलं. मग त्यांना वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाकडे जायची घाई झाली.

सगळ्यात म्हाताऱ्या होत्या ठमाबाई असवले. अंगणात नाचणी पाखडत बसलेल्या. डोळ्यांनी अधू, पण कान तिखट. आप्पांनी राम राम केला, पाणी प्यायले, गाव सांगितलं, मग मुद्द्याला आले.

"आजी, वरच्या तळ्याला आदी काय नाव व्हतं?"

"मारतीनाचं तळं."

आप्पांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "परत म्हना."

"मारतीनाचं. माझी आजीसासू तसंच म्हनायची. मंग शाळेत मास्तर आलं, ते म्हनलं, मारतीन न्हाई, मारुती म्हना, अशुद्ध बोलू नका. मंग पोरं मारुती म्हनाया लागली. मास्तरचं कोन मोडनार?"

"मारतीन कोन व्हता, आजी?"

"सायेब व्हता. लाल तोंडाचा. दुस्काळ पडला तवा आला. माझ्या आजीसासूची आय त्या कामावर व्हती, कडेवर तान्हं घिऊन." ठमाबाईंनी सूप खाली ठेवलं. "जात्यावर आजीसासू ओवी म्हनायची. सगळं न्हाई ध्येनात, येवढंच हाय." आणि त्यांनी बसल्या जागी, थरथरत्या पण सुरात म्हटलं:

मारतीन सायेब, उभा तळ्याच्या काठाला
टिकाव मागं बाई, आदी घास गं पोटाला

आप्पांनी डोळे पुसले ते ठमाबाईंना दिसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आजी, हे तुमी माझ्या लेकीपुढं म्हनाल का? फोनवर?"

"म्हनंल की. पन फोनला हितं रेंज न्हाई पावणं. तळ्यावं येती."

दोन-चार दिवसांनी, आरतीच्या सुट्टीच्या दिवशी, ठमाबाईंना त्यांच्या नातवाच्या आधाराने तळ्यावर नेण्यात आलं. इकडे दुपार, तिकडे सकाळ. रत्नाबाईही या वेळी हट्टाने आल्या होत्या, डब्यात पुरणपोळ्या घेऊन. फोनच्या पडद्यावर नोराआजी दिसल्या, पांढरेशुभ्र केस, खांद्यावर लोकरीची शाल, शेजारी आरती. आप्पांनी आधी तळं दाखवलं. मग बांध जवळून दाखवला. मग ठमाबाईंच्या हातात फोन दिला. ठमाबाईंनी फोन कानाला लावला, तेव्हा रत्नाबाईंनी तो तोंडासमोर धरून दिला.

ठमाबाईंनी ओवी म्हटली. नोराआजींनी 'मारतीन' एवढंच ओळखलं आणि आरतीचा हात घट्ट धरला.

"ती काय म्हणाली? सांग मला."

आरती सांगू लागली आणि अडली. मार्टिन साहेब तळ्याच्या काठाला उभा, हे झालं. टिकाव झाला. पण घास? तिने इंग्रजीत एक शब्द घेतला, टाकला, दुसरा घेतला. शेवटी तिने हाताची पाचही बोटं एकत्र केली आणि आजींच्या तोंडाजवळ नेली, आई पोराला भरवते तशी. "आधी हे," ती म्हणाली. "काम नंतर."

नोराआजींना समजलं. मग सावकाश बोलायला लागल्या, आणि आरती वाक्यामागून वाक्य मराठीत सांगत गेली.

त्यांच्या घरामागच्या डोंगरावर एक रस्ता आहे. दुष्काळात सरकारने काढलेला. उपाशी माणसांनी दगड फोडायचे, तेव्हा मजुरी मिळायची. काम आधी, खाणं नंतर. माणसं काम करता करता रस्त्यावरच पडायची. तो रस्ता कुठेच जात नाही, डोंगरावर अर्ध्यात संपतो, कारण तो कुठे जावा असं कुणाला वाटतच नव्हतं. मार्टिनची आई होनोरा त्या रस्त्यावर दगड फोडायला होती. "मार्टिन तिच्याच तोंडून हे ऐकत मोठा झाला असणार," आजी म्हणाल्या. "आमच्या घरात आम्ही सगळ्यांनी ऐकलंय."

ठमाबाईंना रत्नाबाईंनी हे सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग त्याला ठावं व्हतं." आणि पडद्याकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "बाई, तुझ्या मारतीनाचं पानी आमी अजून पितो गं!" हे भाषांतर करायला आरतीला अडचण आली नाही, पण वेळ लागला.

मार्टिनचं शेवटी काय झालं, तेही पावसाळ्याच्या तोंडावर कळलं. जुन्या मुंबई इलाख्यातल्या चर्चांच्या दफनाच्या नोंदींच्या नकला विलायतेत आहेत, आणि त्याही आता कॉम्प्युटरवर बघता येतात. आरती त्या एकेक चाळत होती. इगतपुरीकडच्या नोंदीत तिला तो सापडला. मार्टिन हॅलिनन, रेल्वेच्या कामावरचा, वय एकतीस, ताप. या वेळी तिने घाई केली नाही. वय, बाप्तिस्म्याचं साल, पलटणीचा उल्लेख, सगळं जुळवलं, इंद्रायणीबाईंना पाठवलं, आणि त्यांनी हो म्हटल्यावरच आजींना सांगितलं. बायको-मुलांचा उल्लेख नव्हता. कबर कुठली ते कळलं नाही. आप्पा इगतपुरीलाही जाऊन आले. तिथल्या जुन्या दफनभूमीत बरेच दगड कोरे झालेले होते. त्यांनी सगळ्यांचा मिळून एक फोटो काढला आणि खाली लिहिलं, 'यांच्यापैकी कुठे तरी.' सापडला असं लिहिलं नाही.

कामावरून काढल्यानंतर मरेपर्यंत मधली चार वर्षं मार्टिनने घरी पत्र का लिहिलं नाही, हे मात्र कुठल्याच कागदात नव्हतं. त्यावर फोनवर बराच खल झाला. आजींचं म्हणणं, नोकरी गेल्याची लाज वाटली असेल. इंद्रायणीबाई म्हणाल्या, लिहिली असतील, पोचली नसतील. आप्पा म्हणाले, "तसं काय नसंल. मानूस कामात असला की लिवायचं ऱ्हातं. उद्या लिवू, उद्या लिवू करत दिवस जात्यात. त्यात त्याची माया कमी झाली असं न्हाई."

"आप्पा," आरती म्हणाली, "मी मधे रविवारशिवाय फोन करत नव्हते ना."

"मी मार्टिनाचं बोलतोय."

"मला कळलं तुम्ही कुणाचं बोलताय."

आप्पा हसले. आणि मग, इतकी वर्षं जे विचारायचं टाळलं होतं, ते विचारून टाकलं. "आरू, तू तिकडंच ऱ्हानार का?"

"बहुतेक हो, आप्पा." तिने आडवळण घेतलं नाही. "मला इथलं काम आवडतं. पण येत-जात राहीन. आणि तुम्ही दोघांनी एकदा यायचं."

"बरं," आप्पा म्हणाले. शेजारी रत्नाबाई लसूण सोलत होत्या, त्यांनी मान वर केली नाही, पण सोललेल्या पाकळ्या सालींच्या ढिगात टाकायला लागल्या.

नोराआजी त्या हिवाळ्यात गेल्या, झोपेतच. जाण्याआधी त्यांनी आपल्या गावच्या चर्चमधल्या वहीत मार्टिनच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीला जोडायला एक चिठ्ठी लिहून ठेवली होती, त्याचं पुढे काय झालं ते, तळ्याच्या नावासकट. तिच्या नकलेचा फोटो आरतीने पाठवला. इंग्रजी मजकुरात कोंढरवाडी हे नाव या वेळी बरोबर लिहिलेलं होतं. कोंढरवाडीत मात्र तळ्याला अजून मारुतीचंच म्हणतात. आप्पांनी ठमाबाईंना विचारलं होतं, जुनं नाव पुन्हा लावायचं का, पाटी करून आणतो. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. दोगं बी चांगलंच हायेत."

आजींच्या अंत्यविधीनंतर आप्पांनी आरतीला एक काम सांगितलं. त्या डोंगरावरचा रस्ता त्यांना बघायचा होता. पाऊस उघडल्यावर एका सकाळी ती बूट घालून निघाली आणि वर चढल्यावर तिने व्हिडिओ कॉल लावला. खोडदला तेव्हा दुपार कलत होती. आप्पा आणि रत्नाबाई पडवीत फोन मांडीवर घेऊन बसले. दोन्ही बाजूंना गवत, मधे दगडांची सरळ पट्टी, कडेला बुटक्या दगडी भिंती, वाऱ्याने आरतीचा आवाज तुटत होता.

"दगड बघ कसे बसवलेत," आप्पा म्हणाले. "जरा खाली धर फोन. हां. उपाशी मानसांनी केलंय हे?"

"हो आप्पा."

ती चालत राहिली. रस्ता वळला, थोडा चढला, आणि एकदम थांबला. पुढे नुसतं गवत आणि दलदल. दगडाची शेवटची ओळ नीट लावलेली होती, जणू उद्या पुढची लावायची आहे.

"संपला," आरती म्हणाली.

रत्नाबाई पुढे वाकल्या. "आरू, तिथनं तुझं घर कुठल्या अंगाला येतं गं?"

आरतीने फोन फिरवला. खाली, दूर, समुद्राच्या आधी काही पांढरी घरं दिसली, आणि तिचं बोट पडद्यावर आलं.

"ते बघ आई. हिरव्या छपराच्या पलीकडचं."

"कुठलं? मला दोन हिरवी दिसत्यात."

"थांब," ती म्हणाली, आणि नीट दाखवता यावं म्हणून भिंतीवर चढली.